सोनाराचं पाणी

भाची येरेवानहून सुट्टीला आली. आर्मेनियाच्या या राजधानीत आपल्याकडची पुष्कळ मुलं डॉक्टरकी शिकायला जातात, त्यांतलीच ही एक. बॅगेतून आधी सुके जर्दाळू निघाले, मग आजोबांची लोकरी टोपी. सगळ्यांचं वाटप झाल्यावर माझ्या हातात काडेपेटीएवढी डबी आली. "मावशी, तुझ्या नावाचं अक्षर आहे. नीट बघ."

डबीत चांदीचं पदक होतं. चष्मा पुसून ते खिडकीशी नेलं. केसाहून जराशाच जाड दोन तारांना पीळ दिलेला, तो पीळ चपटा ठोकलेला आणि मग त्याची वेटोळी करून ती शेजारीशेजारी बसवलेली. सगळी मिळून आकार डाळिंबाचा. माथ्यावर डाळिंबाचा मुकुट, पोटात मोहरीएवढे चांदीचे रवे, आणि त्या दाण्यांच्या मधोमध तोंड वर केलेल्या घोड्याच्या नालासारखं एक अक्षर. "हे 'से'. म्हणजे आपला स," भाची म्हणाली.

आर्मेनियन लिपी मेस्रोप माश्तोत्स या धर्मपंडिताने इसवी सन 405 च्या सुमारास घडवली. त्या लोकांना आपल्या अक्षरांचं एवढं अप्रूप की ती ते गळ्यात घालतात, कानांत घालतात, आणि कुणाला भेट द्यायची तर त्याच्या नावाचं आद्याक्षर शोधून देतात. डाळिंब ही तिकडे भरल्या घराची खूण. येरेवानमध्ये व्हर्निसाज नावाचा उघड्यावरचा बाजार भरतो, तिथे एक म्हातारा स्वतःच्या हातचं काम मांडून बसतो, त्याच्याकडून भाचीने हे घेतलं होतं.

वाचता न येणारं अक्षर गळ्यात घालून मी दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर लेण्याद्रीला गेले. तिथे मला तिला एक ओळ दाखवायची होती. तीही आपल्याला वाचता येत नाही, आणि तीही एका सोनाराची आहे.

लेण्याद्री जुन्नरच्या उत्तरेला, कुकडीच्या पलीकडे. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून माणसं गिरिजात्मजाच्या दर्शनाला येतात. अष्टविनायकांत लेणीत बसलेला हा एकटाच गणपती. ज्या दालनात तो आहे ते मुळात बौद्ध भिक्खूंचं राहण्याचं ठिकाण. एवढं मोठं दालन आणि आत आधाराला एक खांब नाही. दर्शन झालं की लोक माकडांपासून प्रसाद सांभाळत उतरायला लागतात. याच रांगेत खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत आणि त्यांतल्या एकावर ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. अभ्यासकांनी ती वाचली, छापली, तिला सुमारे दुसऱ्या शतकात बसवलं. मजकूर सहा शब्दांचा. आजच्या मराठीत त्याचा अर्थ एवढाच: कल्याणचा, कुडिराचा मुलगा, सोनार सघक, त्याचं टाकं, देयधर्म.

एवढ्याशा ओळीचं रसग्रहण काय करायचं, असं कुणी म्हणेल. पण कविता वाचताना आपण शब्दाशब्दाशी थांबतो तसं इथे थांबून बघावं. मूळ शब्द असे: कलिअणकस, कुडिरपुतस, सुवणकारस, सघकस, पोढि, देयधमं. कानाला पहिल्यांदा काय लागतं? पहिले चार शब्द 'स'वर येऊन टेकतात. प्राकृतातला हा 'स' म्हणजे आपला 'चा'. गावचा, बापाचा, धंद्याचा, आणि मग स्वतःचा. चार मणी एका मापाचे, प्रत्येकाच्या टोकाला तीच गाठ. त्यानंतर लय बदलते आणि पदक लागावं तसे दोन शब्द लागतात: पोढि, देयधमं. छंदाचा विचार करून कुणी ही ओळ रचलेली नाही, टाकं कुणाचं ते सांगण्यापुरती ती आहे. पण सगळं आयुष्य मणी ओवण्यात गेलेल्या माणसाची ओळ अशी ओवलेली निघावी, याची मला मौज वाटते. मी गळ्यातल्या 'से'वर बोट ठेवलं. भाची हसून म्हणाली, "इथे तर सगळीकडे तुझंच अक्षर आहे."

आता क्रम बघा. सघक आधी गाव सांगतो. कल्याण तेव्हा खाडीवरचं मोठं बंदर. तिथून घाटावर चढायचं तर सरळ वाट नाणेघाटाची, आणि घाट चढून आलेली वाट जुन्नरला येते. म्हणजे आपल्या गावात, आपल्या दुकानाच्या दारात नाव राहावं असं या माणसाच्या मनात नव्हतं. ज्या गावी तो बाहेरचा होता तिथे त्याने आपलं दान ठेवलं. परगावी ओळख सांगताना आपणही असंच सांगतो: गाव कुठलं, कोणाचा तू, काय करतोस. जुन्नरच्या बाजारात आजही नवख्या माणसाला हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारतात. नाव त्यानंतर.

तिसरा शब्द माझा आवडता. सुवणकार. यातला 'र्ण' झिजून 'ण' झाला आहे, पण 'कार' अजून शाबूत आहे. पुढे तोंडातोंडांतून घासत हा 'का'सुद्धा झिजला आणि 'सोनार' उरला. कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, कांस्यकाराचा कासार, सगळ्यांचं हेच झालं. रोज अंगावर वागवलेल्या बांगडीची नक्षी जशी आतल्या बाजूने गुळगुळीत होते तसे हे शब्द आपल्या वापराने गुळगुळीत झाले आहेत. लेण्याद्रीच्या दगडावर मात्र नक्षीची धार अर्धी शिल्लक आहे.

पाचवा शब्द पोढि. टाकं. जुन्नरला, कान्हेरीला, नाशिकला, सह्याद्रीतल्या कितीतरी लेण्यांत हा शब्द येतो. डोंगराच्या कुशीत खडक आत कोरत न्यायचा, तोंड लहान आणि पोट मोठं ठेवायचं, कड्यावरून ओघळणारं पावसाचं पाणी पन्हळीने त्यात आणायचं. चार महिने पाऊस, आठ महिने हे पाणी. आत ऊन पोचत नाही म्हणून ते थंड राहतं आणि कमी आटतं. भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहावं लागे आणि उन्हाळ्यात याच वाटेने व्यापाऱ्यांचे तांडे येत. लेणं कोरलं पण पाणी नाही, तर ते लेणं राहण्याजोगं होत नाही.

आणि शेवटचा शब्द, देयधमं. द्यायचा तो धर्म. 'देय' हा शब्द आपण आज फक्त विजेच्या बिलावर वाचतो: देय रक्कम, देय दिनांक. पण मराठीने दोन्ही अर्थ एकाच शब्दात जपून ठेवले आहेत. 'देणं' म्हणजे दिलेली वस्तू आणि 'देणं' म्हणजे फेडायचं कर्जही. देवाचं देणं, आणि सावकाराचं देणं. ज्याचा दिवस काट्यासमोर जातो, जो आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा धरून शहाण्णव गुंजांचा हिशोब चुकू देत नाही, तशा धंद्यातल्या माणसाच्या ओळीत शेवटी हा शब्द यावा! मला तो खातं मिटवल्यासारखा ऐकू येतो.

सोनाराने पाणी का दिलं असेल? लेखात कारण नाही. पण सोनाराच्या पेढीवर बसून पाहिलेल्याला हे नवल वाटणार नाही. मूस, फुंकणी, ऐरण, चिमटे यांच्याइतकंच तिथे पाणी लागतं. तापवलेला दागिना विझवायला पाणी, डाक लावल्यावर काळवंडलेला नग साफ करायला चिंचेचं किंवा तुरटीचं पाणी, शेवटी रिठ्याचं पाणी. मुलामा दिलेल्या दागिन्याला आपण सोन्याचं पाणी दिलेला दागिना म्हणतो. मोत्याची पारख त्याच्या पाण्यावर होते. चमक, किंमत, अब्रू, सगळ्याला मराठीत पाणीच आहे. सघकाने शब्दांची ही अदलाबदल मनात धरली असेल असं मी म्हणत नाही. पण आपल्या भाषेच्या कानाने ऐकलं तर त्याच्या ओळीत हा अर्थ वाजतो: इतरांच्या दागिन्यांना पाणी देणाऱ्याने शेवटी नुसतंच पाणी दिलं.

त्याने घडवलेलं काय काय होतं ते कळायला मार्ग नाही. सोनं वितळतं. सुनेचं डोरलं नातीच्या बुगड्या होतं, बुगड्या अडीअडचणीला मोडल्या जातात. दोन हजार वर्षांत ते सोनं किती मुशींतून गेलं असेल कोण जाणे. त्या काळच्या दागिन्यांचा थाट बघायचा तर कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भिंतीवर बघावा: तिथल्या दंपतींच्या कानांत जड कुंडलं, कमरेला मेखला, पायांत भरीव कडी. किंवा 1938 मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या उत्खननात सापडलेली हस्तिदंती स्त्री बघावी. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलेल्या शहरात आपल्याकडची ही वीतभर बाई निघाली. अंगावर कपडा जवळजवळ नाही, पण मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, गळ्यात माळा, पायांत वाळे. तिच्याशी नातं सांगणाऱ्या मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिवजवळच्या तेरला मिळाल्या आहेत. हातच्या कामाला समुद्रापार मागणी होती, तेव्हाही.

तोच समुद्र ओलांडून माणसंही इकडे येत. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांची नावं आहेत. इरिल नावाच्या यवनाने दिल्या दोन पोढी. चिट नावाच्याने भोजनमंडप. तिसरा चंद, त्याने मानमोडी डोंगरातल्या एका चैत्याचा दर्शनी भाग दिला. लेखात शब्द आहे 'गभदार', आणि यातलं 'दार' आपण अजून उघडतो-लावतो. त्या दाराच्या वर कमानीत कमळाच्या पाकळ्यांसारखे कप्पे आहेत. मधल्या पाकळीत लक्ष्मी उभी, तिच्या दोन्ही अंगांना तिला न्हाऊ घालणारे हत्ती, त्यांच्या पलीकडे हात जोडलेले पुरुष, मग स्त्रिया. परदेशी माणसाने बौद्ध लेण्याला द्यायची भेट निवडली, आणि ती आपल्या बायकांच्या पुतळ्यांच्या माळेतली लक्ष्मी निघाली. भाचीने आर्मेनियाच्या डाळिंबात माझा 'स' बसवून आणला, त्याचीच ही जुनी आवृत्ती. भेट आणणारा आपल्याकडचं काही आणतो, पण त्यात घेणाऱ्याला ओळख पटेल असं काहीतरी शोधून घालतो.

सघकाच्या ओळीची खरी गोडी मात्र शेजारी दुसरा लेख ठेवला की कळते. नाणेघाटातल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणांची यादी आहे: हजारांनी गाई, हत्ती, घोडे, कार्षापण नाणी, चांदीची भांडी, चांदीचे अलंकार घातलेला घोडा. आकडे लिहायच्या आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत या लेखातल्या आकड्यांची गणना होते. तो लेख मोठ्या आवाजात वाचायचा. दरबारातल्या मंडळींनी मान डोलवत ऐकायचा. सघक हा त्याच घाटाचा वाटसरू असणार. पण त्याच्या ओळीत आकडा नाही, विशेषण नाही, राजाचं नाव नाही, साल नाही. क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम याने जुन्नरला पोढी आणि मंडप दिला तेव्हा त्याने स्वामीचं नाव घातलं, वर्ष 46 घातलं. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दिली तेव्हा खोल्या मोजून सांगितल्या. लेण्याद्रीचाच मोठा चैत्य देणारा सुलसदतही कल्याणचाच. त्याच्या बापाला लेखात 'हेरणिक' म्हटलं आहे, आणि कुणी ते नाव समजतं, तर कुणी हिरण्याचा, म्हणजे सोन्यानाण्याचा कारभारी. त्याच्या देणगीत खांबांवर हत्ती-वाघ आहेत, मध्ये स्तूप आहे. त्याच डोंगरात, त्याच गावच्या सोनाराचं एक टाकं. लहान दान, लहान ओळ. जवळच्याच टाक्यावर लछिनिका आणि नडबालिका या दोन बायकांची नावं आहेत. हे टाक्यांचं शेजार मला चैत्याच्या भव्यतेपेक्षा जास्त ओळखीचं वाटतं. नळावर घागरी ओळीने मांडाव्यात तशी ही नावं आहेत.

भाचीला मी हे सांगत होते तेव्हा मला आमच्या बोरमाळेची आठवण झाली. माझ्या आजीचं माहेर आंबेगाव. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते गाव डिंभे धरणात घोड नदीच्या पाण्याखाली गेलं. कचेऱ्या घोडेगावला, मोठा बाजार मंचरला. आजीच्या वडिलांनी पहिल्या बाळंतपणानंतर तिला पाठवताना ही बोरमाळ घातली होती. घर गेलं, अंगण गेलं, माळ राहिली. मागच्या वर्षी तिचा दोरा तुटला म्हणून मी ती गाठवायला मंचरला नेली. सोनाराने एक बोर चिमटीत धरून फिरवलं. सोन्याच्या पातळ पत्र्याच्या दोन वाट्या जोडून केलेलं, आत लाख भरलेली. एका बोराला पोचा होता, बहुधा आम्हा नातवंडांपैकी कुणाच्या तरी दाताचा. तो म्हणाला, "जुना हात आहे, बाई. वाट्यांचा सांधा दिसत नाही बघा." मी विचारलं, "कोणाचा हात असेल?" त्याने माळ काट्यावर ठेवली आणि म्हणाला, "ते कसं सांगणार? दागिन्याला नाव घालणाऱ्याचं. फार तर देणाऱ्याचं."

हे खरंच आहे. आमच्या घरात ती 'आजीची बोरमाळ' आहे. फार खोलात गेलं तर 'आजीला तिच्या वडिलांनी घातलेली'. बारशाला आजोळहून आलेले वाळे, बिंदल्या, करगोटा, साखरपुड्याची अंगठी, अधिक महिन्यातलं जावयाचं वाण, सगळ्याला घेणारा आहे, देणारा आहे, त्यावरून झालेले रुसवेफुगवेही आहेत. घडवणारा नाही. त्याला घडणावळ मिळते आणि तो गोष्टीतून बाहेर जातो. सांधा जितका चांगला तितका तो दिसत नाही. आणि कारागिराचंही तसंच होतं.

लेण्याद्रीच्या ओळीत हे गणित उलटं झालं आहे. इथे घडवणाराच देणारा आहे आणि त्याचं नाव आहे, बापाच्या नावासकट, धंद्यासकट. नाव नाही ते घेणाऱ्याचं. टाकं कुणाला दिलं हे या सहा शब्दांत कुठेच नाही. इतर कितीतरी लेखांत 'संघाला' असा शब्द येतो; इथे तोही नाही. तहान लागेल तो. आयुष्यभर मापाने वस्तू केल्या, हिच्या मनगटाच्या, तिच्या बोटाच्या, तिच्या गळ्याच्या. आणि मापाशिवाय केली ती ही एक. घेणाऱ्याची जागा मोकळी सोडली म्हणून ती अजून भरता येते. या ओळीचं सामर्थ्य मला तिच्या या न बोलण्यात दिसतं. कवितेत आपण ज्याला मोकळी जागा म्हणतो ती हीच.

एक गोष्ट मात्र ओळीच्या बाजूने बोलत नाही आणि ती सांगितली पाहिजे. हे टाकं सघकाने आपल्या हाताने खोदलेलं नसणार. खडक फोडणारे हात दुसऱ्याच कुणाचे होते. छिन्नी लावणारा, गाळ उपसणारा, ही अक्षरं कोरणारा, यांपैकी कुणाचं नाव ओळीत नाही. सोनार नावानिशी गोष्टीत आला, पण पाथरवट बाहेरच राहिला. सांधा इथेही दिसत नाही.

उतरताना भाचीने पदक माझ्या गळ्यातून काढून उलटं करून दाखवलं. मागे नखाएवढ्या जागेत 925 ठोकलेलं होतं, चांदीच्या शुद्धतेची खूण. नाव नाही. "कोण होता तो म्हातारा?" मी विचारलं. ती सांगायला लागली: खेळण्यातल्या वाटाव्यात अशा छोट्या पकडी, बोटांची टोकं काळी, घासाघीस केली तर नुसता हसायचा, अक्षर कोणतं हवं ते कागदावर लिहून मागितलं, आणि आपला 'स' मी त्याला काढून दाखवला तेव्हा त्याने तो बराच वेळ निरखून बघितला. "आणि नाव?"

"विचारलंच नाही गं."

पुढच्या उन्हाळ्यात ती परत येईल, तेव्हा निघण्याआधी फोन करून काय आणू म्हणून विचारेल. मी आत्ताच सांगून ठेवलं आहे, काही आणू नकोस, फक्त बाजारात जा आणि त्याचं गाव विचार, वडिलांचं नाव विचार, आणि मग त्याचं.